तारण कृपेनेच, तर मग सत्कृत्यं कशासाठी?

प्रश्न असा आहे: सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या परंपरेतले ल्यूथरन ख्रिस्ती म्हणतात की माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, केवळ देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, कर्मांनी होत नाही. तर मग चांगलं वागायचं कशासाठी? बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब कर्मांवाचूनचा विश्वास निर्जीव आहे असं म्हणतो, त्याचं काय करायचं? आणि ही शिकवण म्हणजे मनाला येईल तसं वागायचा परवानाच नाही का?

मी ल्यूथरन पाळक आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे विश्वास समजून घेऊन तो स्वतः कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गाला येणारी पोरं हे तिन्ही प्रश्न विचारतात. ज्या वर्षी कोणीच विचारत नाही, त्या वर्षी आपलं शिकवणं पोचलेलं नाही असं मी समजतो. प्रेषित पौलालाही हा आक्षेप ठाऊक होता. बायबलमधल्या त्याच्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या तोंडाशीच तो विचारतो, कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? कृपा नीट सांगितली की ही शंका येणारच.

गाभा आधी सांगतो. सत्कृत्यं हवीत, देवाने ती सांगितली आहेत आणि जिवंत विश्वासातून ती होतातच. पण देव मला आपला म्हणतो ते त्यांच्या जोरावर नाही. तो निकाल ख्रिस्तामुळे आधीच लागलेला आहे. त्यामुळे माझी सत्कृत्यं देवापुढे हिशेबाला मांडायची उरत नाहीत. ज्याला त्यांची गरज आहे त्या शेजाऱ्याच्या ती कामी येतात. बाकीचं उत्तर म्हणजे याच पाच वाक्यांचा विस्तार.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करू. ल्यूथरच्या आधीची मंडळी ‘पुण्य करा आणि स्वर्ग मिळवा’ एवढंच शिकवत होती, असं चित्र आपल्याकडे रूढ आहे. ते खरं नाही. कृपेची भाषा तेव्हाही होती. ट्युबिंगनला शिकवणारा गाब्रिएल बील हा त्या काळातला वजनदार धर्मपंडित. त्याचे ग्रंथ ल्यूथरने तरुणपणी बारकाईने वाचले होते. त्या परंपरेचं म्हणणं असं, की माणसाने आपल्या हातात आहे तेवढं करावं; तेवढं करणाऱ्याला देव कृपा नाकारत नाही. ऐकायला किती रास्त! अडचण ‘तेवढं’ या शब्दात आहे. मी माझ्या हातात होतं ते सगळं केलं की थोडी कुचराई झाली, हे ठरवायचं कोणी?

१५०५ साली ल्यूथर एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला आणि या प्रश्नाशी झुंजत राहिला. उपास, जागरणं, प्रार्थना, आणि पापकबुलीला तासन्‌तास. त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्झ शहाणा माणूस होता; तो त्याला पुन्हा पुन्हा ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगे. पण कबुली देऊन उठलेल्या ल्यूथरला एखादं राहिलेलं पाप आठवे आणि सगळं मुसळ केरात जाई. पुढे विटेनबर्गला पवित्र शास्त्र शिकवताना रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या सतराव्या वचनापाशी तो अडला. देवाचं नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शिक्षा करणारं नीतिमत्त्व, असं तो धरून चालला होता, आणि १५४५ साली मागे वळून लिहिताना त्याने कबूल केलं आहे की त्या देवाचा त्याला द्वेष वाटे. मग त्याच्या ध्यानात आलं की देव ज्याने माणसाला विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरवतो, त्या दानाबद्दल पौल बोलतो आहे. आपल्याला नंदनवनाची दारं उघडल्यासारखं वाटलं, असं तो म्हणतो.

आता १५१७ ची क्षमापत्रं. क्षमापत्र म्हणजे पाप करायचा परवाना नव्हे. पापाची क्षमा पापकबुलीत मिळे. राहिलेली ऐहिक शिक्षा क्षमापत्राने माफ होई. शुद्धिलोकात, म्हणजे मरणानंतर स्वर्गाआधी शुद्ध होण्याच्या अवस्थेत, असलेल्या नातेवाइकांसाठीही ती घेता येत. निम्मा पैसा रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला आणि निम्मा माइंट्सच्या आर्चबिशपने फुगर सावकारांकडून काढलेलं कर्ज फेडायला, असा मामला होता. योहान टेट्झेल हा विक्रीतला नामांकित प्रचारक. ल्यूथरने क्षमापत्रांविरुद्ध मांडलेल्या ९५ प्रबंधांत, म्हणजे वादासाठीच्या विधानांत, पोपवरची टीका सगळे वाचतात, पण या प्रश्नासाठी मला त्रेचाळिसाव्यापासूनचे प्रबंध मोलाचे वाटतात. तो म्हणतो, गरिबाला देणारा किंवा गरजवंताला उसने देणारा माणूस क्षमापत्र विकत घेणाऱ्यापेक्षा चांगलं काम करतो. गरजवंत दिसत असताना त्याला ओलांडून जो क्षमापत्राला पैसे देतो, तो पोपची माफी विकत घेत नाही, देवाचा रोष विकत घेतो. आणि ज्यांच्याकडे फाजील पैसा नाही त्यांनी तो घरच्यांसाठी राखून ठेवावा, क्षमापत्रांवर उधळू नये.

म्हणजे ल्यूथर सत्कृत्यांच्या विरोधात उभा राहिला हे पहिल्या दिवसापासूनच खोटं आहे. सत्कृत्य चुकीच्या पत्त्यावर चाललं होतं, ही त्याची तक्रार होती.

आउग्सबुर्गला २५ जून १५३० रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर ल्यूथरन संस्थानिकांनी आपला विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याचं निवेदन, वाचून दाखवला. मसुदा ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलांख्थोनचा. त्यातलं चौथं कलम नीतिमान ठरण्याबद्दल आहे: माणूस स्वतःच्या बळाने, पुण्याईने किंवा कर्मांनी देवासमोर नीतिमान ठरू शकत नाही, ख्रिस्तासाठी, विश्वासाच्या द्वारे, तो फुकट नीतिमान ठरतो. सहावं कलम लगेच म्हणतं की या विश्वासाने चांगली फळं दिलीच पाहिजेत. विसावं कलम लांबलचक आहे, कारण ‘हे लोक सत्कृत्यांना मना करतात’ या आरोपाला तिथे उत्तर आहे. म्हणजे तुमचा प्रश्न १५३० इतका जुना आहे.

‘नीतिमान ठरवणं’ हे न्यायासनाच्या भाषेत समजून घ्यावं. न्यायाधीश आरोपीला निर्दोष म्हणतो तेव्हा तो त्याच्या स्वभावाचं वर्णन करत नाही, निकाल देतो. देव पाप्याला नीतिमान म्हणतो ते पाप्यात काही सापडलं म्हणून नाही. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याच्या खाती लावलं म्हणून. त्यामुळे ल्यूथरन माणूस मरेपर्यंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो: निकाल पूर्ण लागलेला, सुधारणा अर्धवट. ही अर्धवट सुधारणा निकालात मोजायला घेतली की माणूस पुन्हा एर्फुर्टच्या मठात जाऊन बसलाच म्हणून समजा.

हे पुस्तकी वाटेल, पण दवाखान्यात खाटेशेजारी बसल्यावर वाटत नाही. एक निवृत्त मास्तर होते. शिस्तीचे, सरळ, मंडळीच्या पैशाला कधी हात न लावलेले. शेवटच्या आजारात त्यांनी मला विचारलं, “पाळकसाहेब, मी केलं तेवढं पुरेल का हो?” अशा वेळी तोंडावर येतं की गुरुजी, तुमच्यासारख्यांचं नाही पुरणार तर कोणाचं? आपुलकीने म्हटलं तरी ते क्रूर आहे, कारण त्याने माणसाला परत स्वतःच्या वह्या तपासायला बसवलं जातं, आणि आपल्या वहीत काय काय लिहिलंय ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. मी म्हटलं, “नाही पुरणार, गुरुजी. माझंही नाही पुरणार. पण तुमचा बाप्तिस्मा झालाय ना?” त्यावर ते थोडे हसले, मग आम्ही तेविसावं स्तोत्र म्हटलं. ल्यूथरन शिकवण इतकी हट्टी का आहे ते इथे कळतं. ती आळशांची सोय म्हणून जन्मली नाही. प्रामाणिक माणसाच्या बोचऱ्या मनासाठी ती आहे.

इथे आणखी एक घसरण होते, आणि ती ल्यूथरन मंडळ्यांतही पाहिली आहे. कर्म गेलं, पण त्याच्या जागी विश्वास हेच नवं कर्म होऊन बसतं: माझा विश्वास पुरेसा पक्का आहे का, प्रार्थनेत डोळ्यांत पाणी का आलं नाही? ल्यूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत, म्हणजे विश्वास शिकवायच्या पुस्तिकेत, प्रेषितांच्या विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या कलमाचा अर्थ सांगताना ही वाट बंद केली आहे. स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने मी ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्याने मला शुभवर्तमानाद्वारे बोलावलं, असं तिथे पोरं पाठ म्हणतात. विश्वास हेही दानच. तो घेणारा रिकामा हात आहे, त्या हाताचं कौतुक नाही.

मग कृत्यं येतात कुठून? येशूनेच सांगितलेली झाडाची उपमा ल्यूथर वापरतो. चांगली कृत्यं माणसाला चांगला करत नाहीत, चांगला माणूस चांगली कृत्यं करतो. आधी झाड, मग फळ. १५२० च्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरच्या पुस्तिकेत त्याची दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत. ख्रिस्ती मनुष्य सर्वांचा स्वतंत्र धनी आहे, कोणाच्या अधीन नाही. ख्रिस्ती मनुष्य सर्वांचा सेवक आहे, सर्वांच्या अधीन आहे. पहिलं विश्वासामुळे, दुसरं प्रीतीमुळे. आणि १५२२ च्या रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत तो लिहितो की विश्वास ही जिवंत, कामसू, धडपडी गोष्ट आहे. सत्कृत्यं करावीत का हे तो विचारत बसत नाही, विचारायच्या आधीच त्याने ती केलेली असतात.

कोणती कृत्यं, हा खरा रसाळ भाग. ल्यूथरच्या काळात ‘सत्कृत्य’ म्हटलं की यात्रा, नवस, उपास, मठ, मिसा (प्रभुभोजनाची उपासना). त्याने यादी फेकून दिली आणि दहा आज्ञा हातात दिल्या. लहान प्रश्नोत्तरीत चोरी करू नको या आज्ञेचा अर्थ वाचा: शेजाऱ्याचे पैसे, मालमत्ता घेऊ नये, खोट्या मालाने किंवा खोट्या व्यवहाराने ते लाटू नये, एवढ्यावर तो थांबत नाही, त्याची मिळकत आणि त्याचा धंदा वाढायला व टिकायला मदत करावी, असंही सांगतो. खोट्या साक्षीच्या आज्ञेत तर तो म्हणतो की शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला आणि त्याच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावा. आठवडाभर घरातल्या व्हॉट्सॲप गटावर एवढी एकच आज्ञा पाळून दाखवा, असं मी वर्गात सांगतो. यात्रा सोपी वाटते.

ल्यूथर म्हणतो, बापाने पोराचे लंगोट धुवावेत, आणि त्याला बायल्या म्हणून हसणाऱ्यांना हसू द्यावं. देव सगळ्या दूतांसह त्याच्याकडे पाहून हसतो आहे, आनंदाने, कारण तो ते विश्वासाने करतो आहे. विवाहावरच्या १५२२ च्या लिखाणातला हा भाग. भिक्षूचं व्रत वरचं आणि चांभाराचं काम खालचं, ही उतरंड त्याने मोडली. ज्याचं काम जिथे आहे तिथे, त्याच्या हातून देव दुसऱ्याची काळजी घेतो. देवाला तुझ्या सत्कृत्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे, असं या शिकवणीचं सार पुढच्या अभ्यासकांनी काढलं आहे.

यातून व्यवस्थाही उभ्या राहिल्या. सॅक्सनीतल्या लाइस्निग गावाने १५२३ साली सार्वजनिक पेटीची नियमावली केली, ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. दानधर्माचा पैसा आत्म्यांसाठीच्या मिसांवर न जाता अनाथ, म्हातारे, आजारी, शाळा यांच्यावर जावा म्हणून. पेटीला चार कुलपं. किल्ल्या सरदार, नगरसभा, नागरिक आणि शेतकरी यांच्याकडे एकेक. पापी माणसाच्या हातातली सत्कृत्यं कशी राखावी लागतात हे त्या चार कुलपांत नेमकं दिसतं. आणि १५२७ साली विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येनाला हललं, तेव्हा ल्यूथर आणि तिथला पाळक योहानेस बुगेनहागेन मागे थांबले. ल्यूथरच्या घरात आजारी माणसं होती आणि बायको कॅथरीना गरोदर. ब्रेस्लाऊच्या पाळकांनी विचारलं होतं की प्लेगपासून पळावं का. त्याचं उत्तर हडेलहप्पीचं नाही: मी धुरी देईन, औषध घेईन, गरज नसेल तिथे जाणार नाही, पण शेजाऱ्याला माझी गरज पडली तर जागा किंवा माणूस टाळणार नाही. मरण आलं तर पुण्य लागेल, हा विचार त्यात औषधालाही नाही.

आता ही शिकवण म्हणजे मनमानीचा परवाना, हा आरोप. तो निराधार नव्हता. १५२८ च्या सुमारास सॅक्सनीतल्या मंडळ्यांची तपासणी झाली तेव्हा ल्यूथर हादरला. शुभवर्तमान आलं तर लोक स्वातंत्र्याचा गैरवापर करण्यात तरबेज झाले आहेत, असं त्याने लहान प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत लिहिलं. १५३० च्या आरंभी तर विटेनबर्गच्या मंडळीला वैतागून त्याने काही काळ प्रवचन द्यायचंच सोडलं. नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, ख्रिस्ती माणसाला सांगायची गरज नाही असं म्हणणारा योहान आग्रिकोला त्याचा मित्र होता. ल्यूथरने त्याच्याशी उघड वाद घेतला.

ल्यूथरच्या मृत्यूनंतर भांडण अनुयायांतच पेटलं. गेओर्ग मायोर म्हणाला, तारणासाठी सत्कृत्यं आवश्यक आहेत. त्यावर निकोलाउस फॉन आम्सडॉर्फ इतका तापला की सत्कृत्यं तारणाला अपायकारक आहेत असं लिहून बसला. १५७७ च्या फॉर्म्युला ऑफ काँकॉर्ड या ल्यूथरनांच्या समेटाच्या दस्तऐवजाच्या चौथ्या कलमाने दोघांनाही नाकारलं. सत्कृत्यं आवश्यक आहेत, कारण देवाची तशी इच्छा आहे आणि विश्वासाचं ते फळ आहे. पण ‘तारणासाठी आवश्यक’ असं म्हणायचं नाही, आणि ‘अपायकारक’ तर मुळीच नाही. अपाय होतो तो सत्कृत्यांवर भरवसा ठेवल्याने. माझ्या मते या विषयावर ल्यूथरनांनी लिहिलेलं हे सगळ्यात नेमकं वाक्य आहे, आणि ते भांडणातून निघालं.

याकोबाबद्दल ल्यूथर फटकळच होता. १५२२ मध्ये त्याने त्या पत्राला पेंढ्याचं, म्हणजे कस नसलेलं, पत्र म्हटलं. पुढच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गेलं, पत्र मात्र त्याने पवित्र शास्त्रातून कधी काढलं नाही. मला मेलांख्थोनची वाट पटते. दोघे अब्राहामाचंच उदाहरण देतात, पण पौल उत्पत्तीचा पंधरावा अध्याय घेतो, जिथे अब्राहाम नुसता विश्वास ठेवतो. याकोब बाविसावा घेतो, जिथे इसहाकाला वेदीवर नेतो. पौल विचारतो, देवासमोर मी उभा कशाच्या आधारावर? याकोब विचारतो, हा म्हणतो तो विश्वास खरा आहे का? याकोबाचा प्रतिपक्षी नुसतं ‘देव एक आहे’ मानणारा माणूस आहे, आणि तेवढं तर भुतंही मानतात. त्याला ल्यूथरनेही विश्वास म्हटलं नसतं.

मराठी वाचक विचारतो, हे गीतेतलं निष्काम कर्मच ना? फळाची अपेक्षा सोडण्यापुरतं जवळचं आहे. पण ल्यूथरन विचारात अपेक्षा सोडणं ही साधना नाही. फळ आधीच पदरात पडलेलं असतं, म्हणून अपेक्षा उरत नाही. आणि लक्ष करणाऱ्याच्या मुक्तीवर नसून ज्याच्यासाठी केलं त्याच्या पोटावर असतं.

कॅथलिकांशी हा वाद आज पूर्वीसारखा राहिलेला नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गलाच ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. अमेरिकेतल्या मिसूरी सिनडसारख्या ल्यूथरन मंडळ्यांना ती मान्य नाही. ‘एकाच वेळी नीतिमान आणि पापी’ या मुद्द्यावर अजून ताण आहे. तरी वसईतल्या कॅथलिकाला ‘तुम्ही कर्माने तारण मानता’ म्हणून हिणवणाऱ्या प्रॉटेस्टंटाने ती घोषणा आधी वाचावी.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्या चांगुलपणाचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण आपल्या देशात ते विचारलं जातंच. आउग्सबुर्गचं अठरावं कलम म्हणतं की समाजातलं नीतीचं वागणं माणूस आपल्या इच्छेने निवडू शकतो. ते चांगलं खरंखुरं चांगलं असतं. प्रामाणिक तलाठी, रात्रपाळीची नर्स, पुराच्या पाण्यात उतरणारा पोरगा, मग धर्म कोणताही असो. देव त्यांच्या हातून आपली सृष्टी सांभाळतो. फक्त त्या कृत्यांच्या बळावर देवासमोर हक्क सांगता येत नाही, आणि हे कलम मला पाळक म्हणून, माझ्या सगळ्या प्रवचनांसकट, तितकंच लागू आहे.